ओळख पुसायची यादी

रविवार, सकाळी अकरा. भाताची झोडणी उरकून आठ दिवस झाले होते. ठिकाण वडिवळे, दादाच्या घराची ओसरी. हजर: सुदुंबऱ्याहून मुलगा, त्याचे आईवडील आणि मावशी, आमच्याकडून दादा, वहिनी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि लग्नाची यादी लिहायला मी. शेजारचे आबा बोलावणं नसताना आले होते, पण ते गावातल्या प्रत्येक यादीला असतात.

आमच्या घरात लग्न ठरलं की यादी मी लिहिते. मानपान कुणाचे, जेवण कुणाकडे, मांडव कुठे, हे ओळीने लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. मी लोणावळ्यात राहते आणि कथा लिहिते, म्हणून हे काम माझ्याकडे. "लिहायचंच तर हाय," असं दादा म्हणतो.

मी चौथ्या कलमावर होते तेव्हा मुलाच्या मावशी माझ्याकडे वळल्या. त्या तळेगावला शाळेत शिकवतात.

"तुमची दिवाळी अंकातली कथा वाचली. वाचनालयात अंक हाती यायला पंधरा दिवस लागले."

मी आभार मानले.

"त्यातली ती बाई. बाळ गेल्यावर बोलायची थांबते, रोज दुपारी धरणावर जाऊन पाण्याकडे पाठ करून बसते. आमची एक नातेवाईक कामशेतला असते. ती म्हणाली, अशी बाई वडिवळ्यात खरंच होती."

आवाज सहज विचारल्यासारखा होता. पण मुलाच्या आईने हातातला कप खाली ठेवला. वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

ती बाई वहिनीच होती. भाची दीड वर्षाची असताना दुसरं बाळ जन्मताच गेलं आणि वहिनी सात-आठ महिने कुणाशी बोलली नाही, रोज दुपारी गावाच्या वरच्या अंगाला धरणावर जाऊन बसायची. औषधं झाली, बरी झाली. पुढे शेती, गुरं, सासूसासऱ्यांची दुखणी, सगळं तिनेच केलं. तरी मुलीची आई डोक्याने अशी होती, एवढं वाक्य जमलेलं लग्न मोडायला पुरतं, हे ओसरीवर प्रत्येकाला ठाऊक होतं. भाचीला तर हा मुलगा मनापासून आवडला होता. ती खाली मान घालून ओढणीचं टोक गुंडाळत होती.

माझी लिहिण्याची पद्धत सांगते. जवळच्या माणसावरून कथा लिहिली की मी ओळख पुसायची एक यादी काढते. नाव, गाव, काम, मुलं किती, बोलण्याची ढब. एकेक बदलायचं आणि पुढे खूण करायची. वहिनीची मी कोकणातली शिक्षिका केली होती, आधीचं मूलही ठेवलं नव्हतं. सगळ्या खुणा झाल्या होत्या. माणूस बसतं कसं, हा रकाना यादीत नव्हता. आणि असता तरी मी ते बदललं नसतं, कारण कथा त्या एका चित्रावरच उभी होती. पाणी आपल्याला ओढेल या भीतीने ती पाठ फिरवते, असं मी लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर खूश होते.

शिवाय घरचं कुणी वाचत नाही, हा भरवसा होता. वीस वर्षं मी दादाकडे अंक नेऊन देते आणि ते टीव्हीखालच्या कप्प्यात पाकिटासकट पडून राहतात. चारचौघांत मी याची तक्रार करते. पण ते वाचत नाहीत म्हणूनच मला इतकं मोकळं लिहिता आलं.

"ती मीच," मी म्हणाले. "तेव्हा माहेरी येऊन राहिले होते."



आबांनी घसा खाकरला. "व्हय, लय दिस होती ही हितं. लिवणारी मानसं अशीच असत्यात. घरात बसली तरी घरात नसत्यात."

मुलाचे वडील हसले. आईने कप उचलला आणि विचारलं, "आता बऱ्या आहात ना?"

"दोन मुलं वाढवली, नोकरी केली. आता लोकांच्या याद्या लिहिते."

सगळेच हसले. हळद दोघांनी आपापल्या घरी करायची, हे चौथं कलम लिहून झालं. तासाभरात सह्या झाल्या.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी कप विसळत होती. ती काहीतरी चांगलं बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. खोटं कशाला सांगू.

"वन्सं, तुमी कवा बसलावता वं धरणावर?"

"वहिनी, वेळ तशी आली होती."

"वेळ निभावली तुमी. पोरीचं जमलं, त्याला न्हाई म्हनत न्हाई मी." तिने कप पालथा घातला. "पर पाण्याकडं पाठ, हे काय लिवलंय? मी पाण्याला पाठ केलीच न्हवती. घराकडं तोंड केलतं. वरनं आपलं अंगण दिसतं. पोर खेळायची तितं. जवळ घेतली की मला रडू फुटायचं आन् ती भ्यायची. म्हनून लांबनं बगायची."

मी तेव्हा रविवारी माहेरी येत असे. रस्त्यावरून तिला तिथे बसलेलं बघितलं होतं, एवढंच. तू तिकडे का बसतेस, हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढच्या इतक्या वर्षांत नाही आणि कथा लिहितानाही नाही.

"मला ती गोष्ट एकदा वाचून दाखवा," ती म्हणाली. "बारीक अक्षर आता दिसत न्हाई. तळेगावच्या बाईला ठावं हाय, कामशेतच्या बाईला ठावं हाय. मला बी कळू द्या माझं काय झालतं."

दिवाळी अंकातली ती कथा आता पुस्तकात येते आहे. तपासायची मुद्रितं टेबलावर आहेत. वहिनीने सांगितलेलं कारण घातलं तर कथा सुधारेल, हे मला त्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर उभी असतानाच सुचलं होतं. याची लाज वाटते. घालावं तर तिचं आणखी एक उचलल्यासारखं. न घालावं तर चुकीचं आहे हे माहीत असून छापल्यासारखं. ठरवायचं तिने, पण आधी तिला ऐकवायला हवं.

त्या रविवारनंतर मी चार वेळा वडिवळ्याला गेले. चारही वेळा अंक पिशवीत होता. दोनदा घरात माणसं होती. दोनदा वहिनीशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा मी पत्रिकांवर नावं घालत बसले.

आजची कामं. मांडववाल्याला फोन: झाला. टाकव्याच्या पत्रिका: पोचल्या. वाजंत्री: ठरली. मुद्रितं: शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. वहिनीला कथा वाचून दाखवणे: राहिलं.