इतिहासाची एक जागा

आमचे हे इतिहासाचे प्राध्यापक. दुबईत आल्यावर काही वर्षांतच ते तिथल्या कॉलेजचे डीन झाले आणि अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगीत मी आपोआप ‘डीनबाई’ झाले. मला त्या पदवीचा राग यायचा. डीनच्या बायकोला काय मिळतं? नवरा दमून घरी येतो आणि मुलांच्या हजेऱ्या, फीच्या सवलती, पार्किंगची भांडणं जेवणाच्या ताटाशी आणून ठेवतो.

शिकवण्याचं मात्र त्यांना वेड होतं. पहिल्याच तासाला मुलांना सांगायचे, पुस्तक राहू दे, आजोबांना विचारून या, तुमच्या वयाचे असताना ते काय काम करत होते. कुणाचे आजोबा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे, कुणाचे मलबारहून लाकूड आणणाऱ्या गलबतावरचे. बाहेर रोज एक टॉवर उगवत होता आणि या माणसाला जुन्या गलबतांची काळजी. पण मुलं ऐकायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ग भरलेला असे. पुढे ज्याला त्याला बिझनेस आणि कम्प्युटर हवं झालं. आईबाप तोंडावर विचारायचे, “सर, हिस्ट्री करके जॉब क्या मिलेगा?” दोन हजार साल उलटलं तेव्हा इतिहास शिकवणारे दोघेच उरले होते, हे आणि रत्नागिरीचा एक तरुण प्राध्यापक.

तो आमच्याच बिल्डिंगीत, दोन मजले खाली राहायचा. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. ती माझ्याकडून पुरणपोळी शिकली, मी तिच्याकडून सांदणं. मुलगी बारावीत, मुलगा लहान.

तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की घर, मुलांची शाळा, सगळंच जातं. आणि ते सांगायचीही एक पद्धत होती. सगळे मार्क भरून झाले, माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी पोचला, की फोन करायचा. समोरासमोर कुणी बोलायचं नाही. म्हणून भाभी दरवर्षी निघताना हसत विचारायची, “वहिनी, गॅसचा सिलिंडर भरून ठेवू ना? की आल्यावर?” डोळे मात्र माझ्या चेहऱ्यावर. यंदा कोण परत येणार नाही ते डीनबाईला माहीत असणारच, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी मॅनेजमेंटच्या माणसाने ह्यांना बोलावून सांगितलं, “हबीबी, हिस्ट्री में एक ही पोस्ट रहेगी. कौन रहेगा, तुम बताओ.”

संध्याकाळी हे घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, “खलास. मी माझं नाव दिलं. मीच जातो.”

“मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“मुळीच नाही.”

“म्हणूनच. आपलं पुण्यात घर आहे. त्याची मुलगी बारावीत आहे. आणि मी राहिलो तरी दोन वर्षांत रिटायर होऊन जाणारच. मग विषय शिकवणार कोण?”

मी अबोला धरला. इतकी वर्षं हे ज्यांच्यासाठी राबले त्यांनी ह्यांच्याच हातात सुरी दिली, आणि ह्यांनी ती स्वतःवरच चालवून घेतली. पण बातमी कळल्यावर तो खालचा प्राध्यापक वर आला, सरांचा हात दोन्ही हातांत धरून नुसता बसून राहिला, तेव्हा माझा राग ओसरला. भाभीला मी स्वतःहून सांगितलं, “सिलिंडर भरून ठेवा. बिनधास्त.”

जुलैत आम्ही कायमचे पुण्याला आलो. ऑगस्टमध्ये रत्नागिरीहून भाभीचा फोन आला.

“वहिनी, सर घरात आहेत?”

“फिरायला गेलेत.”

“मग बोलते. ऑफिसातून फोन आला होता. विषयच बंद केला म्हणे. परत येऊ नका म्हणाले. सामान माझे दुबईतले दीर पॅक करून पाठवतायत.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “सरांना नका सांगू वहिनी. आमच्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली. त्यांना सोसायचं नाही.”

दोघांनाही काढायचंच होतं, तर एकाला दुसऱ्यासाठी सुळावर कशाला चढवलंत? त्या माणसांना मी आजही मनातल्या मनात शिव्या घालते. मुलीचं वर्ष वाया गेलं. इकडच्या कॉलेजांनी भाभीच्या नवऱ्याला दारात उभं केलं नाही. तो आता मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.

कुणी घरी आलं की हे सांगतात, “मी निघालो, पण विषय वाचवला.” दर दिवाळीला त्याचा फोन येतो. हे विचारतात, “यंदा वर्गात किती?” आणि तो दुकानातून आकडा सांगतो. गेल्या दिवाळीला एकोणीस सांगितले. “वाढताहेत,” हे मला म्हणाले, आणि खुशीत पुन्हा चहा मागितला.