मल्लप्पा हवालदारांचा चंद्रगुप्त

आमच्या कंपनीची पोस्ट काश्मीरच्या डोंगरात होती. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, सहाला चहा, सातला पेट्रोलिंग. दुपारी चारला हत्यारं साफ करायची. ही चारची वेळ मला अजून हवीहवीशी वाटते, कारण तेल आणि चिंध्या घेऊन बसलो की हवालदार मल्लप्पा चंद्रगुप्त मौर्य सांगायचे.

ते अक्कलकोटजवळचे. घरात कानडी, बाहेर मराठी. मी सांगोल्याचा, लान्स नायक. परेडवर मी त्यांना 'हवालदार साब' म्हणे, एरवी अण्णा. पुस्तकाशी त्यांचा संबंध बेताचाच, पण मगधाचं राज्य तोंडपाठ.

ना राज्य, ना घराण्याचं नाव, असा एक मुलगा. चाणक्यानं त्याला हेरलं, शिकवलं, फौज जमवली. दोघांनी थेट राजधानीवर चाल केली आणि सपाटून मार खाल्ला. वेष पालटून पळताना एका घरातून रडणं ऐकू आलं. पोरानं गरम हुग्गीच्या मधोमध हात घातला होता. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. ती मगधात होती की नाही देव जाणे, अण्णांच्या मगधात होती. आई पोराला म्हणाली, तू बी त्या चंद्रगुप्तासारखाच येडा, कडंनं खा की. त्यानं ते ऐकलं आणि सीमेवरची गावं आधी घेतली.

इथे आम्ही हसून उठायला लागायचो. अण्णा दटावायचे.

"बसा. आजून हाय. कडंनं घेतलं, पर मागं ठाणं ठिवलं न्हाय. पाठ फिरली की गाव उलटलं. पुन्ना हारला. मंग एकेक गाव पक्कं करत गेला, तवा राजा झाला."

मला पहिला अर्धाच आवडायचा. दुसऱ्या अर्ध्यात मी रायफलच्या नळीत बघत असायचो.

एकदा खबर आली, की एका वस्तीतल्या मधल्या घरात दहशतवादी आहेत. सकाळी पाच चाळीसला वस्तीभोवती कॉर्डन, म्हणजे वेढा, लागला. कॅप्टन साहेबांच्या मनात थेट त्या घरावर जायचं होतं. अण्णांनी अदबीनं सुचवलं, कडेची घरं आधी तपासू. साहेबांनी मानलं. डावी कड माझ्याकडे आली. तिथे चार घरं होती आणि एक गोठा. घर तपासलं की दारावर खडूनं फुली मारायची.

आठ पस्तीसला गोठ्यापाशी पोचलो. दाराच्या फटीतून पाहिलं. गाय बसून रवंथ करत होती, डोळे अर्धे मिटलेले. माझा जन्म जनावरांत गेलेला. परका माणूस जवळ असला की जनावर उठून उभं राहतं, कान टवकारतं, फुरफुरतं. ही तर निवांत होती. मी आत गेलो नाही. फुली मारली.

रेडिओवर अण्णांचा आवाज आला. "लेफ्ट क्लिअर?"

"लेफ्ट क्लिअर. ओव्हर."

माझ्या शब्दावर अण्णा सेक्शनमधली माणसं घेऊन मधल्या घराकडे निघाले. पाठ गोठ्याकडे होती. आठ पन्नासला गोठ्यातून फायर आला. मी वळून गोळ्या झाडल्या, आत लपलेला दहशतवादी दारातच पडला. अण्णांना दोन लागल्या होत्या. मी त्यांना ओढून भिंतीआड घेतलं. त्यांनी बाकीच्यांचं विचारलं. सगळे ठीक आहेत म्हणालो. "बरं," म्हणाले. नऊ वीसला गेले. हेलिकॉप्टर त्यानंतर आलं.

मधलं घर रिकामं निघालं. गोठ्यातल्या गवताखाली घोंगडी आणि भांडी सापडली. तो बरेच दिवस तिथे राहत होता. गाईला चारा तोच घालायचा. तिच्या लेखी परका मी होतो, तो नव्हे.

साहेबांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. माझी लान्स नायकाची फीत गेली. जायलाच हवी होती. पण वहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, सांगायची हिंमत झाली नाही. दर वर्षी अक्कलकोटला जायचो, त्यांच्या हातचं जेवायचो आणि तोंड न उघडता परत यायचो. याची मला लाज वाटायची.

पेन्शनवर आलो, सोलापुरात नवी पेठेमागे घर घेतलं. एका सकाळी पहिली एसटी पकडली. वहिनी जनावरांपुढे कडबा टाकत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं, वेळांसकट. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"गाय रवंथ करत व्हती?"

"व्हय, वहिनी."

त्यांनी हातातली पेंढी सोडली आणि गव्हाणीत पसरली.

"मंग मी बी आत गेले नसते," त्या म्हणाल्या. "ते मातूर गेले असते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. अण्णा गेले असते.