मारुतीचे पीएच.डी.चे अर्ज

पीएच.डी.साठी अर्ज केला की उत्तर येईलच असं नाही, किस्सा मात्र हमखास घडतो. आमच्या मारुतीनं एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं स्कॉलरशिपसाठी अर्ज केले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथला हा गडी. मेंढरांच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, किडे होतात, त्यावर त्याला संशोधन करायचं होतं. स्कॉलरशिप नाही मिळाली तर परत मेंढरांमागं, एवढं सरळ होतं. अर्ज लिहायचो मी, भोरच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात. कॉलेज मी इंटरलाच सोडलं, पण अक्षर चांगलं आहे!

*

वर्तणुकीचा दाखला पाहिजे होता. आमच्या जुन्या हेडमास्तरांनी दीड पान लिहिलं. त्यात त्यांची नोकरी, त्यांची शिस्त, संस्थानच्या काळात त्यांना मिळालेली शाल, सगळं होतं. शेवटची ओळ : 'सदर मारुती माझ्याच शाळेत होता.'

मी म्हणालो, "मास्तर, स्कॉलरशिप तुम्हाला पाहिजे का ह्याला?"

"तू अर्धवट शिकलास. तुला नाही कळायचं!"

*

मग गाइड. मारुती पुण्याच्या एका प्रोफेसरांकडे शेरभर तूप घेऊन गेला. तूप आत गेलं आणि सर म्हणाले, "माझा विषय बेडूक. मेंढी त्यात बसत नाही."

"सर, बेडूक आमच्याकडंबी लई हायती."

"मग बेडकावरच कर की!"

"पर सर, बेडूक मेला तर आमच्या घरात कोन रडतंय?"

सरांनी सही केली. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'प्राणी'.

*

मारुतीच्या आबांनी एकदा विचारलं, "ही पदवी मिळाली की मेंढरांना औशीद देशील व्हय?"

"न्हाई आबा. ती कशानं मरत्यात ते लिवनार."

"आन मेंढरं ते वाचनार?"

त्या दिवशी मारुती जेवला नाही.

*

मुलाखतीचं पत्र माझ्या काकांच्या पत्त्यावर आलं, कारण धनगरवाड्यावर पोस्टमन चढतच नसे. काका संस्थानच्या कचेरीतले कारकून. संस्थान गेलं, कचेरी त्यांच्या डोक्यात राहिली. सरकारी शिक्का, 'अमुक दिवशी कमिटीपुढे हजर राहावे'... काकांनी ठरवलं, हे समन्स! मला पत्ता लागू दिला नाही. परस्पर आबांना निरोप : 'पोराला हलवा.'

आबांनी त्याला मेंढरं देऊन पार डोंगरापलीकडं धाडलं. मुलाखतीची वेळ टळून गेली, तेव्हा काका मिशीवर हात फिरवत मला म्हणाले, "वाचवलं तुझ्या दोस्ताला!"

*

दुसऱ्या वर्षी पत्ता हॉटेलचा दिला, पत्र थेट मारुतीच्या हातात पडलं. वयाची अट संपत आली होती, ही शेवटचीच मुलाखत. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडंच होतं.

अध्यक्षांनी टेबलावर एक कवटी ठेवली. "ओळखा."

मारुतीनं ती हातात घेतली, फिरवली. "शेळी."

अध्यक्षांनी तळाचं लेबल दाखवलं. 'मेंढी'.

"चुकीचं हाय, साहेब. मेंढीच्या डोळ्यापुढं हाडात खळगा असतो. हिला न्हाई."

"ही कवटी मी विद्यार्थी असल्यापासून इथं आहे!"

"तवापासून शेळीच आसंल, साहेब."

कुणी हसलं नाही. मारुतीच्या आधी आत गेलेल्या पोरानं 'मेंढी' सांगितलं होतं. स्कॉलरशिप त्याला मिळाली.

महिन्याभरानं मारुती आपली सर्टिफिकेटं परत घ्यायला गेला. कवटी तिथंच होती. तळाला नवं कोरं लेबल : 'शेळी'.