आधी पाह्य, मग म्हण मेली

खामगावच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या वानखडे मॅडमच्या प्रयोगशाळेत 'मेली' हा शब्द पुराव्याशिवाय चालत नसे. काचेच्या बशीत बुरशी उगवली नाही की विद्यार्थी ओरडत, "मॅडम, मेली!" मॅडम मान वर न करता म्हणत, "मेली का थांबली, ते पाह्य ना बे आधी."

ही बुरशी म्हणजे कँडिडा. ती माणसाच्या आतड्यात गुपचूप राहते. तिथले जिवाणू तिला आवरून धरतात. औषधांनी ते कमी झाले की ती माजते. जवसाच्या तेलातून वेगळी केलेली स्निग्धाम्ले तिला रोखतात का, हे मॅडम तपासत होत्या. आम्ल घातलेल्या बशा कोऱ्या राहिल्या. मी गावचा वार्ताहर, मी बातमी दिली.

ती वाचून एक तेलगिरणीमालक आले. पुढचा प्रयोग आम्ल आणि आतड्यातले जिवाणू एकत्र घालून करायचा होता. पण त्या जिवाणूंना प्राणवायूविना नेमक्या उबेत वाढवणारा इन्क्युबेटर बंद पडला होता. शेठजी नवा द्यायला तयार होते. बदल्यात तेलाच्या बाटलीवर 'पोटातली बुरशी मारते' या ओळीखाली मॅडमची सही हवी होती.

"शेठजी, तेल वेगळं, त्यातलं आम्ल वेगळं. अन् बशी म्हणजे काही पोट नाही."

"एवढं कोन पाह्यते मॅडम? सही करा, मशीन उद्या येते."

मॅडमनी कोऱ्या बशीवरून सळई फिरवली आणि आम्ल नसलेल्या ताज्या बशीत ओढली. "परवा या."

मे महिना होता. नुसती बुरशी वाढायला खामगावचा उकाडा पुरेसा होता. शेठजी आले तेव्हा बशीभर दह्याच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके होते.

"थांबली होती शेठजी. आता सांगा, सही कशावर करू?"

"तुम्ही दुकानात बसल्या तर धंदा बसन हो माझा," शेठजी हसत उठले. इन्क्युबेटर आला नाही. प्रयोग अर्धवट ठेवून मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या नावाची बाटली बाजारात आली नाही, आणि खामगावला अभिमान आहे तो याचाच.

पुढे महाविद्यालयाने इन्क्युबेटर घेतला. मॅडमच्याच विद्यार्थिनीने, आता तिथे शिकवणाऱ्या प्रीतीने, तो प्रयोग पुरा केला. तिने मॅडमना स्पीकरवर फोन लावला तेव्हा मी समोर होतो.

"मॅडम, आम्ल अन् जिवाणू दोन्ही घातले. मेली."



"ताज्या बशीत ओढून पाह्यली?"

"हाव मॅडम. पुन्हा पुन्हा पाह्यली."

"मग लिही. बशीत मेली."