नऊ मिनिटांची शेगडी

"आणि समजा डाळ नाहीच शिजली, तर सुनेचा हात अजून बसला नाही असं सांगून टाकू. नवीनच आहे ती. तिला कोण काय म्हणणार?"

हे मामंजी बोलले. ओसरीवर, आमच्या ह्यांच्याशी, दबक्या आवाजात. मामंजी जन्मभर शाळामास्तर होते. त्यांचा दबका आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मी तर भिंतीपलीकडे ताक घुसळत होते!

ह्यांनी यावर काय उत्तर दिलं असेल? "हूं."

लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. आता तुम्हीच सांगा, असलं काही कानावर आलं तर शहाण्या बाईनं काय करावं? गप्प बसावं. मीही गप्पच बसले. पण नुसती गप्प बसले असते, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं. मी गप्प बसून हात चालवले, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

आधी शेगडीचं सांगते. लढाईचे दिवस. रॉकेल रेशनवर, तेही आलं तर. सरपण मिळायचं ते ओलं, फुंकून फुंकून बायकांचे डोळे कायम लाल. आमचे हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर. तिथं उसाच्या चिपाडाचे डोंगर पडलेले असायचे. ह्यांच्या डोक्यात आलं की या चिपाडाच्या चुऱ्यावर घरची चूल का चालू नये? मग रॉकेलचा रिकामा डबा घेतला, त्याला बारा भोकं पाडली, मधोमध लाटणं उभं धरून भोवती चुरा ठासला आणि लाटणं अलगद उपसून खालून काडी लावली. निळसर जाळ, धूर नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण बाईमाणसाला समोर बसून गाणं म्हणता येईल इतपत कमी.

या बारा भोकांपायी तीन वर्षं गेली होती. कुठलं भोक किती मोठं, वारा कुठला, चुरा किती वाळलेला, सगळं एका वहीत लिहिलेलं. ती वही मी एकदा चोरून उघडली होती. लग्नाच्या दिवसाची नोंद सापडली. 'आज लग्न. प्रयोग नाही.' पुढची पानं मग मी वाचली नाहीत.

"शोध लावणं सोपं असतं," मामंजी म्हणायचे, "तो बाजारात न्यायला माणूस लागतो." तो माणूस म्हणजे अर्थात मामंजी. त्यांनी व्यापाऱ्यांना वळणदार अक्षरात पत्रं धाडली. पहिला आला, म्हणाला, "हा तर डबा आहे." दुसरा चहा पिऊन गेला. तिसऱ्यानं बराच वेळ शेगडी निरखली आणि विचारलं, "धूरच न्हाई म्हणता, मग डास कसं जायाचं?"

चौथे भिकाशेठ. श्रीरामपूरला त्यांचं कंदील, स्टो आणि डब्यांचं दुकान. रॉकेल नाही म्हटल्यावर कंदील कोण घेतो? शेठ दुकानात दिवसभर माश्या मारत बसलेले. विकायला काहीतरी हवंच होतं त्यांना. रविवारी येतो म्हणून निरोप आला. ह्यांची सगळी आशा आता या एका माणसावर होती. पाचवं पत्र लिहायला मामंजींकडे पत्ताच उरला नव्हता.

ठरलं असं, की शेगडीवर तुरीची डाळ शिजवून दाखवायची. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला पाथर्डीला गेलेल्या, म्हणजे डाळ माझ्या हातची. आणि डाळीचं माझं दुखणं असं, की माझं माहेर संगमनेरचं. प्रवरेच्या पाण्यात डाळ नुसती दाखवली तरी शिजते. इथल्या विहिरीचं पाणी मचूळ. तीन महिन्यांत दोनदा माझी डाळ टणक राहिली होती, आणि दोन्ही वेळा मामंजींनी ती न बोलता, आवाज करत चावली होती.

शेगडीला तर हे कुणाला हात लावू देत नसत. तिच्यावर डाळीला किती वेळ लागतो, मला काय ठाऊक?

त्यात ते ओसरीवरचं बोलणं! डाळ शिजली तर शेगडीची कमाल आणि नाही शिजली तर सुनेचा हात. असा सौदा कोण घेईल?

म्हणून रविवारी सकाळी, बापलेक अंगणात शेगडीला राख लावून घासत होते तेव्हा, मी चुलीवर डाळ चढवली. चांगली मऊ शिजू दिली. मग हलक्या हातानं निथळून गार केली, पातेल्यात घातली, वर विहिरीचं गार पाणी ओतलं, झाकण ठेवलं. दिसायला अगदी कच्च्यासारखी. झाकण असल्यावर तर काय, कशीही दिसेना का!

तुम्ही म्हणाल, शेठ पातेल्यात बघतील ना? अहो, परक्या घरच्या तरण्या सुनेच्या हातातल्या पातेल्यात कोण डोकावणार? मी डोईवर पदर घेऊन ओसरीवर आले, तेव्हा भिकाशेठ अदबीनं खांबाकडे बघत होते.

खूणही मामंजींनीच ठरवून दिली होती. पाव्हण्यासमोर सुनेनं 'शिजली हो' म्हणून ओरडणं बरं दिसत नाही. डाळ झाली की बांगड्या वाजवायच्या.

मी पातेलं ठेवलं. शेठनी खिशातलं घड्याळ काढून तळहातावर धरलं. मामंजींनी लढाई, कोळसा आणि मानवजातीची प्रगती यांवर बोलायला घेतलं. मानवजात अग्नीपर्यंत आली तोवर पातेल्यातून वाफ यायला लागली. मी बांगड्या वाजवल्या.

शेठनी घड्याळ बघितलं. मग कानाला लावून बघितलं.

"मास्तर, नऊ मिन्टं!"

"नऊ?" हे म्हणाले.

"नऊच!" मामंजी म्हणाले. लहानपणी पाढा चुकल्यावर बघत असतील, तसं त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

मी झाकण काढलं. शेठनी एक दाणा चिमटीत धरला. लोण्यासारखा. मग दोन वाट्या डाळ, वर तूप, आणखी एक वाटी. तोंड पुसत म्हणाले, "आमच्या घरी दीड तास लागतो. घरधनीण धुरात खोकती, मी बाहीर भुकेनं कावतो. मास्तर, पन्नास करा! बाजाराच्या दिशी माझ्या दुकानाम्होरं पुन्ना हेच करून दावायचं. आन् हात ह्याच वैनींचा पायजे."

झालं! मला वाटलं होतं, पाहुणा जेवेल, शेगडी घेईल, संपलं. बाजारात पुन्हा करून दाखवायचं म्हणजे?

त्या दिवशी संध्याकाळीच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण हे वही मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "एवढं वेगळं काय झालं आज?" आणि इतके आनंदात दिसले, की मी म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पहाटे उठून डाळ चढवली. चाळीस मिनिटं. दुपारी पुन्हा. चाळीस मिनिटं.

"त्या दिवशी पाणी कुठलं घेतलंस?"

"विहिरीचंच."

"पातेलं?"

"हेच."

"बसली कशी होतीस?"

"म्हणजे?"

"तोंड कुठं होतं?"

"पूर्वेला."

मग मला पूर्वेला तोंड करून बसवलं. वहीत लिहिलं, 'पूर्व. फरक नाही.' ह्यांनी मला सगळं विचारलं. पदर कुठल्या खांद्यावर होता तेही विचारलं. डाळ आधीच शिजलेली होती का, एवढंच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी रोज स्वतःची समजूत घालत होते.

नऊ मिनिटांच्या मागे लागून ह्यांनी भोकं वाढवली. बाराची अठरा झाली, अठराची सव्वीस. शेगडीची चाळण झाली. जाळ चारी बाजूंनी बाहेर यायचा, पातेल्याच्या बुडाला सोडून सगळ्यांना लागायचा. चाळीसाची पन्नास मिनिटं झाली, पन्नासाचा तास झाला. ह्यांच्या भुवया जळाल्या. आणि आम्ही दोन्ही वेळा डाळ खात होतो. तिसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "सूनबाई, विज्ञानावर माझी श्रद्धा आहे, पण आज पिठलं कर."

इकडे शेठनी पतंगाच्या पिवळ्या कागदावर हँडबिलं छापून वाटलीसुद्धा! 'नऊ मिनिटांत डाळ! धूर नाही, रॉकेल नाही, कटकट नाही!' आमच्या गावात ती देवळाच्या खांबाला, गिरणीच्या दाराला चिकटवलेली, एक तर आमच्याच गोठ्याला. पाणवठ्यावर माझं नाव पडलं, नऊ मिन्टांची सून.

शेजारच्या सखूमावशी तर तोंडावर म्हणाल्या, "का गं, तुज्याकडं नऊ मिन्टांत डाळ शिजती, मग दुपारपातूर सैपाकघरात काय करतीस?"

मी घागर उचलली.

बाजाराचा दिवस उजाडला. शेगडी गोणपाटात बांधून, मांडीवर घेऊन हे गाडीत बसले. मी मागे. मामंजी रस्ताभर भाषण पाठ करत होते. मी मनातल्या मनात काय म्हणत होते ते विचारू नका. गाडीचा आस मोडावा, बैल बसावा, पाऊस यावा. काहीएक झालं नाही. बैलसुद्धा त्या दिवशी नको तितके उत्साहात!

दुकानापुढे ही गर्दी! शेठनी रस्त्यात पाट मांडून त्याभोवती रांगोळी घातलेली. आणि डाळ? डाळ शेठाणीबाईंनी स्वतःच्या हातानं डब्यातून काढली, धुतली आणि पातेलं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, "बघू तरी गं बाई, कशी शिजती ती."

मी पूर्वेला तोंड करून बसले. आता तेवढंच माझ्या हातात होतं.

"बांगड्या वाजल्या की झाकान निघंल!" शेठ ओरडले.

पाच मिनिटं झाली, नऊ झाली, पंधरा झाली.

"वैनी, वाजवा की!" गर्दीतून कुणीतरी.

"आवो, लाजत्यात त्या."

"लाजून डाळ शिजती व्हय?"

सव्वीस भोकांतून धूर निघत होता. डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी हात वर करून पदरानं पुसले, आणि बांगड्या वाजल्या!

मी नाही नाही म्हणून मान हलवतेय तोवर शेठनी झाकण उचललं. टाळ्या पडल्या. शेठाणीबाईंनी पळीनं डाळ काढून दाताखाली धरली. 'कट्' असा आवाज झाला. तो मी आजही ऐकू शकते.

"ही डाळ हाय का गोट्या?"

टाळ्या थांबल्या. मग हसू सुरू झालं. आधी मागून, मग सगळीकडून. मामंजी पाठ केलेलं भाषण विसरले आणि म्हणाले, "आज हवा जड आहे." हवा कशाला जड असेल? सगळा जडपणा माझ्या छातीवर होता.

हे मात्र शांतपणे उठले. वही उघडून शेठच्या पुढे धरली. "शेठ, खोटं बोलत नाही. हे बघा. बारा भोकांची शेगडी होती तेव्हा दर वेळी चाळीस मिनिटं लागायची. नऊ लागली ती त्या एकाच दिवशी. का लागली, ते मला अजून सापडलं नाही."

"चाळीस?" शेठनी वही हातात घेतली. "आवो, चाळीस मिन्टं म्हंजी माज्या गिऱ्हाइकाला चैन हाय! चाळीस छापलं असतं तर पन्नास काय, शंभर खपवल्या असत्या मी. नऊ कुनी मागितली हुती तुमाला? आन् आता ह्या चाळणीवर तर मान्सानं उपाशी मरावं!"

"सापडेल," हे म्हणाले. "खालच्या अंगाला आणखी सहा भोकं घेतली की सापडेल." आणि खरंच पिशवीतून खिळा अन् हातोडी काढून ते त्या तापलेल्या डब्यापुढे उकिडवे बसले. जळक्या भुवया, हातात खिळा, आणि भोवती अख्खा बाजार हसतोय. खिळा टेकवला. हातोडी उचलली.

मी उठून उभी राहिले. डोईवरचा पदर मागे पडला होता, ते नंतर कळलं. लग्न झाल्यापासून चार माणसांत मी तोंड उघडलं नव्हतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"अहो, थांबा!" मी म्हणाले. "तुमची पहिली बारा भोकंच बरोबर होती. त्या दिवशीची डाळ मी सकाळीच चुलीवर शिजवून ठेवली होती, शेगडीवर ती नुसती ऊन केली. मी तर पातेलं ठेवल्याबरोबर बांगड्या वाजवणार होते, पण म्हटलं, इतक्या लवकर वाजवल्या तर कुणाचा विश्वास बसायचा नाही!"