वजें, थर्मोस्टॅट आणि दोन लाल बाटल्या

आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट आम्ही घरीच बदलला, कारण मेकॅनिक गणपतीचे डोळे काढत होता.

आमच्या तुये गावातले बाबल मेस्त अकरा महिने गाड्या दुरुस्त करतात आणि चवथीआधीचा महिना त्याच शेडमध्ये गणपती रंगवतात. त्या महिन्यात ग्रीसला बोट लावत नाहीत. आणि नेमकी तेव्हाच आमची जुनी गाडी दर पाच किलोमीटरला वाफ सोडायला लागली! ताईची लग्नानंतरची पहिली चवथ. तिच्या सासरी, आमोण्याला, लाडू, नेवऱ्या आणि फळांचं माहेरचं वजें पोचवायचं होतं, तेही गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधायच्या आत. उशीर झाला असता तर ताईला पुढची चाळीस वर्षं ऐकावं लागलं असतं.

बाबांनी मला मेस्तांकडे पाठवलं. मला अनोळखी माणसांशीच काय, ओळखीच्यांशीही बोलायला जमत नाही. मी शेडच्या दारात दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

"बाय, उलय नाका, हांव दोळे काडटां," मेस्त पाठमोरेच म्हणाले. (मी तोंड उघडलंच नव्हतं!) एक डोळा पुरा करून त्यांनी निदान केलं, "थर्मोस्टॅट गेला. तो उघडत नाय, म्हणून पाणी फिरत नाय. बाबांना सांग, नवीन घाला. स्प्रिंग इंजिनाकडे. बाटलीभर कूलंट, वर पाणी. आता वच. दुसरो दोळो रावला."

बाबा भूगोलाचे मास्तर. पृथ्वी फिरते तर पाणी का फिरणार नाही, असा त्यांचा आत्मविश्वास. गाडीचं पुस्तक इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. म्हणून मी आपोआप इंजिनियर झाले.

"वाच!"

"इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच..."

"थंडच आहे!" म्हणत बाबांनी हात लावला. पुढची दोन मिनिटं ते जे बोलले, ते पुस्तकात कुठेही नव्हतं.

तासाभराने जुना थर्मोस्टॅट निघाला, नवा बसला. (पहिल्यांदा उलटा.) मग बॉनेटखालून हुकूम आला, "कूलंट आण गो!"

कूलंट काकांनी त्यांच्या कारखान्यातून आणलं होतं, फेणीच्या रिकाम्या बाटलीत. आईने वज्यासाठी काढलेलं कोकमाचं आगळही फेणीच्याच रिकाम्या बाटलीत. (आमच्या घरी कुणी पीत नाही. बाटल्या मात्र कमी पडत नाहीत.) स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर दोन्ही शेजारी शेजारी उभ्या. दोन्ही लाल! विचारायचं तर आतून ओरडावं लागणार. ओरडलं की शेजारीण बाहेर येणार. शेजारीण आली की विचारणार, "तुझां लगीन केन्ना गो?"

मी गुपचूप डावीकडची उचलली.

गाडी अशी धावली की काय सांगू! म्हापसा गेलं, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

"बघितलंस?" बाबा आईला म्हणाले. "मेस्त कशाला हवा?"

अस्नोड्याच्या चढावर आईने नाक वर केलं. "अहो, कोकमाच्या कढीचा वास येतोय."

"भूक लागली असेल तुला."

"उकळलेल्या कढीचा!"

मी मागच्या सीटवर गार पडले. उजवीकडची बाटली माझ्या मांडीशेजारीच, वज्याच्या टोपलीत, लाडवांवर आडवी झोपली होती. आता सांगायलाच हवं होतं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत, कारण मराठीत ते फारच खरं वाटत होतं. आमोणे आलं तेव्हा मी अजून 'माफ करा, पण' इथेच होते.

आमचं स्वागत झालं, पाणी झालं, आणि ताईच्या सासूबाईंनी टोपलीतून थेट तीच बाटली उचलून उजेडात धरली.

"अगो, काय रंग! आजच कढी करूया ह्याची!"

आणि त्या आत गेल्या. आई लाजून हसली. ताईची मान अभिमानाने वर झाली. माझं क्रियापद अजून सापडत नव्हतं. तेवढ्यात आतून ताईच्या नणंदेचा आवाज आला, "आई, नारळाचा रस काढून झाला. ओता आगळ."

मग मी काय केलं ते मला इतरांकडून कळलं. म्हणे मी दोन पाट आणि एका सासऱ्यांना ओलांडून स्वयंपाकघरात घुसले आणि अशी किंचाळले की वाड्यावरचे कुत्रे भुंकायला लागले.

"ओतू नका! विष आहे! ते गाडीचं आहे!"

बाटली वाकडी, थेंब तोंडाशी. सासूबाईंनी ती अलगद सरळ केली.

"मग आमचं आगळ कुठे आहे?"

"गाडीत," मी म्हणाले. आणि रडायला लागले.

ताईचा चेहरा पांढराफटक. सासूबाई अंगणात गेल्या, बॉनेटपाशी वाकल्या, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय हां, विहीणबाई!" आणि तिथेच पोट धरून बसल्या. मग ताई हसली. मग सगळेच. माटोळी वेळेवर बांधली गेली.

चवथ झाल्यावर बाबल मेस्तांनी इंजिनात तीनदा पाणी फिरवून काढलं. शेवटी म्हणाले, "नारळ तेवढो रावलो मगो, बाय."

आजही आमोण्याला गेले की कढीची पहिली वाटी माझ्यापुढे येते. पंगतभर माणसं हात आवरून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. चारचौघांत शिंकायचीही लाज वाटणारी मी, सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिते. मिनिटभर सगळे वाट बघतात.

मग सासूबाई जाहीर करतात, "जिती आसा! वाढा सगळ्यांक!"