पंगतीत सांगितलेली स्वस्त कंपनी

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग चहा ओता आणि मध्ये बोलू नका. मध्ये बोललात तर मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन, आणि या प्रकरणात मला बाजूच नाही.

आमची सुमनआत्या बेळगावच्या कोर्टात वकिली करते. पण मला तिचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. आमच्या घरात पैसा म्हणजे जमीन, सोनं आणि बँकेतली ठेव. त्याच घरात राहून ही बाई तरुणपणापासून शेअर घेत आली. बाजार पडला की नातेवाईक तोंड पाडून तिच्याकडे जातात, दुखवट्याला गेल्यासारखे, आणि ती त्यांना पोहे खायला घालते. माझे आप्पा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अजूनही शेअरला जुगार म्हणतात. यावरून दर दिवाळीला माझं आणि त्यांचं वाजतं. या मोठ्या माणसांच्या डोक्यात एकदा काही बसलं की उठत नाही.

तर या आत्यानं मला एक दिवस सांगितलं, "रूपा, माझे डोळे दमले गं आकडे वाचून. माझे शेअर आता तू सांभाळ. पण आधी एक कंपनी निवडून आण आणि मला पटवून दे."

मला आणखी काय हवं होतं? मी एम.कॉम., उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नोकरीला. आठवडाभर मोबाईलवर कंपन्या चाळल्या आणि हिरा सापडला. आमच्या उद्यमबागेतलीच एक फाउंड्री, लोखंडाचं ओतकाम करणारी. पीई फक्त चार.

पीई म्हणजे काय? शेअरचा भाव घ्या, त्याला एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्यानं भागा. उत्तर वीस आलं, तर वर्षाच्या नफ्याच्या वीस पट किंमत तुम्ही मोजताय. त्या धंद्यातल्या बाकीच्या कंपन्या विसाच्या आसपास होत्या आणि माझी चारला. इतकी स्वस्त वस्तू पडून आहे आणि कुणालाच दिसत नाही, याचा अर्थ काय? मी हुशार आहे, एवढाच अर्थ मला सुचला.

त्याच रविवारी परशरामकाकांच्या मुलीचं लग्न होतं, उद्यमबागेतल्या नव्या कोऱ्या मंगल कार्यालयात. परशरामकाका आप्पांचे चुलतभाऊ. पंगतीत आत्या माझ्या शेजारी आणि आप्पा समोर. शहाण्या मुलीनं भात संपेपर्यंत तरी थांबावं की नाही? मी वरणाआधीच सुरू झाले.

"आत्या, पीई चार. चार वर्षांच्या नफ्यात अख्खी कंपनी आपली."

"हळू बोल," आत्या म्हणाली.

हळू बोलणं मला जमत नाही. पलीकडच्या खुर्चीवर गुंजी गावचे एक पाहुणे होते. त्यांनी मान वळवली. "चार वर्षात पैसे परत? माझं बी थोडं घाला की त्यात."

नवरीच्या मामांनी उष्ट्या हातानं मोबाईल काढला. रविवार होता, बाजार बंद होता, म्हणून सगळे वाचले. नाहीतर बुंदी वाढायच्या आत निम्मी पंगत शेअरहोल्डर झाली असती.

आणि मग आप्पा बोलले. जन्मभर जुगार म्हणणारे आप्पा.

"रूपा, माझी रिटायरमेंटची ठेव हाय बघ. मोडू काय?"

मला तर गहिवरून आलं. माझ्यासमोर म्हातारी पिढी शरण आली होती. मी म्हणाले, "उद्या सकाळी बँक उघडली की मोडा."

आत्यानं पानातला घास तसाच ठेवला आणि उलटतपासणी सुरू केली.

"नफा आधीच्या सालापेक्षा किती वाढला?"

"पाचपट."

"आणि विक्री?"

"विक्री... तेवढीच आहे."

"माल तेवढाच आणि नफा पाचपट. लोखंड काय सोन्याच्या भावानं विकलं काय गं?"

"मॅनेजमेंट चांगलं असेल."

"वार्षिक अहवाल वाचलास?"

"आत्या, आता अहवाल कोण वाचतं? ॲपवर सगळं येतं."

तेवढ्यात परशरामकाका मठ्ठा घेऊन, "सावकाश होऊ दे" म्हणत आमच्या ओळीत आले. आत्यानं सहज विचारलं, "परशराम, कार्यालय झकास हाय रं. आधी इथं काय होतं?"

"फाउंड्रीचं यार्ड होतं की, आक्का." काकांनी माझ्याच कंपनीचं नाव घेतलं. "मोकळंच पडलेलं. गेल्या साली विकलं त्यांनी. लई पैसा मिळाला म्हणं."

काका मठ्ठा वाढून पुढं गेले. नवरीच्या मामांनी मोबाईल परत खिशात घातला.

या यार्डावरून मी रोज स्कूटी घेऊन जाते हो. कुंपण निघताना बघितलं, खांब उभे राहताना बघितलं, कमान झाली तेव्हा 'वा' म्हणाले. ज्या नफ्याच्या जोरावर मी कंपनीला स्वस्त म्हणत होते, त्या नफ्यावर खुर्ची टाकून मी बुंदी खात होते. जमीन एकदाच विकता येते. तो पैसा वजा केला तर नफा आधीच्या सालाएवढाच, आणि पीई? वीस. बाकीच्यांच्या बरोबरीनं.

आप्पांनी बिचाऱ्यांनी विचारलं, "मग ठेव मोडू का नको?"

"दरसाल विकायला एक यार्ड असलं त्यांच्याकडं, तर मोड," आत्या म्हणाली.

हात धुताना मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं ना यार्डचं?"

"न्हाय गं. माल तेवढाच आणि नफा पाचपट म्हटल्यावर कायतरी विकलंय एवढं कळलं. काय ते परशरामनं सांगितलं."

सांगा, अशा बाईवर रागवायचं तरी कसं? मी जीव मुठीत धरून विचारलं, "मग तुझे शेअर?"

"माझ्याकडंच राहतील. तू दर रविवारी यायचं, माझ्यासमोर बसून अहवाल वाचायचा."

"म्हणजे माझ्यावरचा विश्वास उडाला."

"तसं न्हाय," रुमालाला हात पुसत आत्या म्हणाली. "तुझ्याकडनं नफा अजून एक पैचा न्हाय, आणि स्वतःचा भाव तू लई चढा लावून ठेवलायस. एवढी महाग वस्तू मी एरवी घेतली नसती. पण घरचीच हायस, आता काय, दहा-वीस वर्षं थांबून बघू."